तीस दिवसांची चाचणी

डंडीत, तागाच्या जुन्या गिरणीत आमचं ऑफिस.
जिथे गोणपाट विणलं जायचं तिथे आता आम्ही
कौन्सिलच्या भाडेकरूंसाठी फॉर्म विणतो:
नळ गळतोय, खिडकी लागत नाही, भिंतीला ओल.

फॉर्मचे पडदे कशात काढायचे, यावर वाद.
फर्गसनं तीन सॉफ्टवेअरं उतरवून घेतली,
तिन्हींची चाचणी तीस दिवस, फुकट.
कोपऱ्यातला आकडा रोज एकेक पायरी उतरतो,
दूध नासायची वाट बघावी तसे आम्ही बघतो.

पहिलं ब्राउझरमध्येच चालतं. चौघं एकाच पानावर,
चार रंगांचे चार बाण, नावं लटकवून हिंडतात.
मी बटण डावीकडे घेते, कॅलम उजवीकडे.
एका ताटात जेवणाऱ्या भावंडांसारखं होतं:
पापड कुणी उचलला ते दिसतं, बोलता येत नाही.

दुसरं दणकट, नेट गेलं तरी चालतं.
पण फर्गसच्या लॅपटॉपवर ते उघडेपर्यंत
चहा उकळून, गाळून, अर्धा पिऊन होतो.

तिसऱ्यात सगळं आयतं. मेनू, चौकटी, सावल्या.
विकतच्या फराळाचा डबा:
कुणाच्याही घरी उघडा, चव तीच.

इशबेल मार्चमध्ये निवृत्त होतेय.
ती चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं पडदे काढते,
खोडते, फुंकर मारते, पुन्हा काढते.
म्हणते, "माझी चाचणी अठ्ठावीस वर्षं चालू आहे."

माझी परीक्षा वेगळी. कुणाला सांगितलेली नाही.
संध्याकाळी सगळे गेले की
प्रत्येकात एक कोरी चौकट घेते
आणि आडनाव लिहिते. गोऱ्हे.

पहिल्यानं र तोडला. पाय मोडलेला र इकडे, ह तिकडे,
जशा काही आमच्यात वाटण्या झाल्या.
दुसऱ्यानं रिकामे डबे दिले, ओळीनं तीन.
तिसऱ्यानं र उचलून ह च्या डोक्यावर बसवला.
शाळेत बाई अशा रफाराला लाल गोल करायच्या,
माझा हात आपोआप लाल रंगाकडे गेला.

केवढीशी ती रेघ. पापणीचा एक केस.
पण पायऱ्या तिच्यावर उभ्या, किनारे तिच्याशिवाय
विभक्तीला येत नाहीत,
आणि टे नदीवरून हा जो येतो
त्या वाऱ्याला काही म्हणायचं तरी तीच लागते.

फर्गसच्या तक्त्यात मी हे लिहिलं नाही.
किंमत, वेग, शिकायला सोपं की अवघड, एवढेच रकाने.
डंडीत गोऱ्हे बहुतेक मी एकटीच.

सत्ताविसाव्या दिवशी मिसेस गेडिस आल्या, वय एक्याऐंशी,
टोपी ओली. तीन लॅपटॉप, तीन फॉर्म, एकच खिडकी.
त्यांचं बोट बटणाच्या अलीकडे थांबायचं,
चूल तापली का बघताना थांबतं तसं.
"तिन्ही छान आहेत गं. पण फोन नंबर कुठाय?"

कॅलम बाहेर बघू लागला.
मग त्यांनी सांगितलं, ऑक्टोबरपासून फटीत
नवऱ्याचा लोकरी मोजा कोंबलाय. राखाडी.
नवरा नाही आता, पण मोजा चांगला आहे.
तिन्ही सॉफ्टवेअरांत मिळून एकोणीस चौकटी होत्या.
मोज्याची एकही नव्हती.

तिसाव्या दिवशी वित्त विभागाचा ईमेल आला:
पहिलंच घ्या, पार्किंगवाल्यांनी वर्षाचे पैसे भरलेत.
फर्गसचा तक्ता बावीस ओळींचा होता. त्यानं तो
कुठेतरी सेव्ह केला.

मी इशबेलकडून वहीचं एक पान मागून घेतलं.
वर फोन नंबर काढला, घराच्या दारावर असतो एवढा.
खाली तक्रारीसाठी जागा, बिनरेघांची, मोठी.
कोपऱ्यात, काढणारीचं नाव लिहायचं तिथे, लिहिलं,
र ची रेघ जरा जास्तच लांब ओढून.

इशबेलनं चष्मा कपाळावर सरकवला.
"हा पक्षी आहे का?"

"अर्धा," मी म्हणाले.